तांब्याची तार, काचेची तार आणि मधली डबी



आपल्या कामात नेट आता फार आत शिरलंय. कुणाच्या ग्रामसंघाची ताई सेवा केंद्र चालवते, कुणी बँक सखी आहे, कुठे डाळ मिलच्या शेडमध्ये वजनकाटा, बिलाचं मशीन आणि कॅमेरे बसलेत. नेट बंद पडलं की बोटाचा ठसा लागत नाही, आणि पैसे काढायला तीन किलोमीटर चालत आलेली आजी विचारते, "बाई, थांबू का उद्या येऊ?" त्या वेळी काय सांगायचं हे कळायला मशीनची थोडी ओळख हवी. राउटर बहुतेकींना माहीत असतो. पण त्याच्याशेजारी, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, लोखंडी पत्र्याची एक डबी कधीकधी दिसते. तिला कुणी ‘फायबरचा डबा’ म्हणतं, कुणी नुसतं ‘कन्व्हर्टर’. तिचं पूर्ण नाव मीडिया कन्व्हर्टर. आजचा पाठ तिचा.

ही डबी म्हणजे दुभाषी. गडचिरोलीकडच्या तायांना हे लगेच कळेल: आजी माडिया बोलते, बँकेचा साहेब मराठी बोलतो, मधे एक पोरगी बसते आणि इकडचं तिकडे सांगते. ती स्वतःचं काही सांगत नाही, काही कमी-जास्त करत नाही. इथेही तसंच. कॉम्प्युटर, राउटर, कॅमेरा यांची भाषा विजेची, ती तांब्याच्या तारेतून जाते. फायबरची भाषा उजेडाची, ती काचेच्या तारेतून जाते. डबी विजेचा उजेड करते आणि उजेडाची वीज. म्हणून ती नेहमी जोडीने लागते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. एकच डबी घेतली तर एकीकडे दुभाषी आहे आणि दुसरीकडे कुणीच नाही, असं होतं. (दुसऱ्या टोकाच्या स्विचला स्वतःचंच फायबरचं तोंड असेल तर मात्र एकीवर भागतं.)

हा खटाटोप लागतो कशाला? तांब्याच्या केबलला मर्यादा आहे म्हणून. नेटची जी निळी किंवा करडी केबल असते तिच्यात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. ती चांगली चालते १०० मीटरपर्यंत. त्यापुढे कधी चालते, कधी नाही, आणि ‘कधी नाही’ नेमकं गर्दीच्या दिवशी येतं. आता समजा ग्रामपंचायतीच्या खोलीत नेट आलंय आणि तुमची मसाल्याची शेड साडेतीनशे मीटरवर, ओढ्याच्या पलीकडे आहे. तांब्याने जायचं तर वाटेत तीन ठिकाणी खांबावर स्विच बसवा, तिथे वीज न्या, पावसापासून झाका. फायबरने जायचं तर दोन टोकांना दोन डब्या आणि मधे सलग एकच केबल. साध्या डब्यासुद्धा २० किलोमीटरपर्यंतच्या असतात, त्यामुळे साडेतीनशे मीटर हे त्यांना काहीच नाही.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. काचेतून वीज वाहत नाही. दोन इमारतींमधे उघड्यावरून तांब्याची तार नेली आणि जवळपास वीज पडली, तर तो झटका तारेतून थेट कॉम्प्युटरपर्यंत येतो. मराठवाड्यात, विदर्भात मृग नक्षत्राच्या आधी-नंतर वळीव कसा येतो ते तुम्ही जाणता. फायबर असेल तर तारेतून येणारा हा धोका टळतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. फायबरच्या बऱ्याच केबलींत ताण धरायला लोखंडी तार असते. ती तार बाहेर भिंतीवरच अडकवून कापायची, डबीपर्यंत आत आणायची नाही. बसवायला येणाऱ्या माणसाला हे आधीच सांगा. शिवाय घरातल्या विजेच्या लाईनीवरून येणारा झटका वेगळा, त्याला फायबरचा उपाय नाही. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर बोर्डातून काढणं हेच बरं.

आधी एक खुलासा करते, कारण इथे गटांचे पैसे वाया जाऊ शकतात. अनेक ग्रामपंचायतींत भारतनेटची फायबर आली आहे. ही योजना २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली आणि २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. तिथे किंवा घरगुती फायबरच्या जोडणीत भिंतीवर जी पांढरी किंवा काळी पेटी असते ती बहुधा ओएनटी असते. ती दिसायला कन्व्हर्टरची बहीण, पण काम वेगळं. एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट वाटण्याची जी पद्धत आहे, त्यात प्रत्येक पेटीची नोंद कंपनीच्या यंत्रात करावी लागते. ती पेटी बिघडली म्हणून बाजारातून मीडिया कन्व्हर्टर आणून लावला तर चालणार नाही. मीडिया कन्व्हर्टर लागतो तो पेटीच्या पुढे, आपल्याच दोन जागा आपल्याच केबलने जोडायच्या असतील तेव्हा. डबीतून नवं नेट निघत नाही. पंचायतीत जेवढं येतं तेवढंच शेडपर्यंत पोचतं.

आता खरेदी. खरेदी समितीतल्या तायांनी हा भाग नीट वाचावा. दुकानदार पाच-सात शब्द एकदम टाकतो, आणि आपण मान हलवतो.

पहिला प्रश्न वेगाचा. डब्या मुख्यतः दोन वेगांच्या मिळतात, १०० मेगाबिटच्या आणि १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट. तांब्याच्या बाजूला वेग जुळवून घेण्याची सोय असते. खोक्यावर १०/१००/१००० लिहिलेलं दिसेल, म्हणजे समोरचं यंत्र जुनं असलं तरी डबी त्याच्या वेगाला येते. फायबरच्या बाजूला मात्र अशी तडजोड सहसा नसते. एका टोकाला गिगाबिटची आणि दुसऱ्या टोकाला १०० मेगाबिटची बसवली तर फायबरचा दिवाच लागत नाही. म्हणून दोन्ही डब्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी घ्या. आणि पंचायतीत येणारं नेट २०-३० मेगाबिटचं असेल तर गिगाबिटच्या डबीने ते पळायला लागणार नाही. चार-सहा कॅमेरे लावायचे असतील, पुढे वाढवायचे असतील, तर गिगाबिट घेण्यात शहाणपण.

दुसरा प्रश्न फायबरच्या जातीचा. एक जात सिंगल मोड, दुसरी मल्टिमोड. फायबरची काच बाहेरून १२५ मायक्रॉन जाड असते, म्हणजे एका मिलिमीटरचे आठ भाग केले तर त्यातला एक. उजेड जातो तो तिच्या आतल्या गाभ्यातून. सिंगल मोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५. सिंगल मोड लांब जाते, मल्टिमोड गिगाबिट वेगाला साधारण अर्ध्या किलोमीटरपर्यंत. ओळख सोपी आहे: सिंगल मोडची जोडवायर पिवळी असते, मल्टिमोडची नारिंगी किंवा फिकट निळसर-हिरवी. गावात कामाला सिंगल मोडच घ्या. तीच सगळीकडे मिळते आणि तीच जोडणारे कारागीर सापडतात. केबल एका जातीची आणि डबी दुसऱ्या जातीची असं मात्र होऊ देऊ नका.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त गोंधळ घालतो, म्हणून इथे जरा थांबू या. जुन्या पद्धतीत दोन फायबर लागत, एकीतून उजेड जायचा आणि दुसरीतून यायचा. अशा डबीला फायबरची दोन भोकं असतात. आता एकाच फायबरवर दोन्हीकडचं बोलणं चालतं. कसं? उजेडाचे दोन ‘रंग’ वापरून. हे रंग आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण यंत्राला वेगळे कळतात. एक १३१० नॅनोमीटरचा, दुसरा १५५० चा. एक डबी १३१० वर बोलते आणि १५५० वर ऐकते, समोरची १५५० वर बोलते आणि १३१० वर ऐकते. म्हणून या डब्यांत ए आणि बी अशा दोन जाती असतात. एका टोकाला ए, दुसऱ्या टोकाला बी. दोन्हीकडे ए लावल्या तर दोघी एकाच स्वरात बोलतात आणि ऐकणारी कुणीच नाही. डब्या नव्या, पॉवरचा दिवा लागतोय, केबल धड आहे आणि तरीही काही चालत नाही, अशा वेळी आधी डबीच्या तळाचा कागद वाचा. दोन्हीवर एकच आकडा आधी लिहिलेला दिसला तर जोडी चुकली आहे. कोटेशन मागतानाच ‘ए आणि बी मिळून एक जोडी’ असं लिहा. एखादी डबी बिघडली तर दुकानात जाताना तिचा फोटो घेऊन जा, बिघडलेली ए होती की बी हे त्यावरून कळेल.

अंतराचंही बघा. २०, ४०, ६०, ८० किलोमीटरच्या डब्या मिळतात. ‘जास्त ताकदीची घ्या ताई, टिकेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साडेतीनशे मीटरवर ८० किलोमीटरवाली लावली तर समोरच्या डबीच्या डोळ्यावर इतका उजेड पडतो की ती नीट वाचू शकत नाही, खराबही होऊ शकते. आपल्याला २० ची पुरे.

टोकाच्या जॅकचे रंग बघा. चौकोनी जॅकला एससी म्हणतात, त्याहून लहान असतो तो एलसी. एससीमध्ये निळा आणि हिरवा असे दोन प्रकार. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण आत काच काचेला नीट टेकत नाही आणि उजेड वाया जातो. मीडिया कन्व्हर्टरला बहुधा निळा लागतो. काही डब्यांत जॅकच्या जागी एक खाच असते, तिच्यात बोटाएवढा तुकडा सरकवायचा असतो, त्याला एसएफपी म्हणतात. तुकडा बदलला की अंतर किंवा जात बदलता येते. मोठ्या कार्यालयांना हे सोयीचं. आपल्याला नको, कारण तुकडा वेगळा विकत घ्यावा लागतो.

आता एक गुण असा की ज्यासाठी थोडे पैसे जास्त मोजले तरी चालतील. त्याला लिंक फॉल्ट पास-थ्रू म्हणतात, खोक्यावर बहुधा एल-एफ-पी अशी तीन अक्षरं असतात. साध्या डबीत होतं असं: मधे कुठेतरी जेसीबीने फायबर तोडली, तरी तुमच्या कॉम्प्युटरपासून डबीपर्यंतची तांब्याची तार धडच असते. म्हणून कॉम्प्युटरकडचा दिवा लागलेला राहतो. कॉम्प्युटर समजतो सगळं ठीक आहे, आणि आपण दोन तास कॉम्प्युटर बंद-चालू करत बसतो. हा गुण असलेली डबी फायबर तुटताच तांब्याकडची जोडणीही मुद्दाम पाडते. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘केबल निघाली’ असं दिसतं आणि बिघाड तारेत आहे हे लगेच कळतं. काही डब्यांना हा गुण चालू-बंद करायला बारीक खटके असतात. पहिल्यांदा बसवताना खटका बंद ठेवतात, दोन्ही टोकं चालू झाली की चालू करतात. नाहीतर बिघाड शोधणं अवघड जातं.

बाकीचे गुण पटकन सांगते. तांब्याची केबल सरळ की उलटी ही कटकट आजच्या बहुतेक डब्यांना नाही, त्या स्वतः ओळखतात. डबीला पासवर्ड नसतो, सेटिंग नसतं, त्यामुळे हॅक होईल वगैरे भीती बाळगू नका. कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज देणाऱ्या डब्याही असतात, त्यांना पीओई म्हणतात. शेडच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यापाशी प्लग नसेल तर कामाच्या. साधी डबी ४० ते ५० अंशांपर्यंत गरमी सोसते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात छताजवळ लावू नका, खाली सावलीत लावा, भोकं झाकली जाणार नाहीत अशी.

आणि आता दिवे. माझ्या मते हा पाठ इथे आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल. डबीवर चार ते सहा बारीक दिवे असतात, खाली इंग्रजी अक्षरं. मराठी चिठ्ठ्या चिकटवून टाका. पी-डब्ल्यू-आर म्हणजे वीज. एफ-एक्स म्हणजे फायबर. टी-पी म्हणजे तांबं. दिवा स्थिर असेल तर जोडणी आहे, लुकलुकत असेल तर माहिती ये-जा करतेय.

विजेचा दिवा बंद असेल तर आधी त्याच प्लगमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. वीज येत असेल तर अडॅप्टर गेलाय किंवा पिन सैल आहे. इथे एक सावधगिरी. डबीचा अडॅप्टर बहुधा ५ व्होल्टचा आणि राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, पण पिन सारखीच असू शकते. झाडलोट करताना अदलाबदल झाली तर १२ व्होल्टने डबी जळते. दोन्ही अडॅप्टरवर रंगीत दोरा बांधा, तोच रंग त्या-त्या यंत्रावर लावा.

वीज आहे, तांब्याचा दिवा बंद: केबलची प्लास्टिकची जीभ तुटली असेल, दुसऱ्या बाजूचा राउटर किंवा कॉम्प्युटर बंद असेल. केबल काढून ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा, नाहीतर दुसरी केबल लावून बघा. केबल घेतानाही बघा. स्वस्त केबलीत तांब्याचा नुसता मुलामा असतो आणि आत ॲल्युमिनियम. ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं.

वीज आहे, फायबरचा दिवा बंद: घाबरण्याआधी समोरच्या टोकाला फोन करा. "तिकडे लाईट आहे का?" एवढंच विचारा. दुभाषी झोपला असेल तर दिवा लागणार कसा! लोडशेडिंगच्या गावात अर्धं कोडं इथेच सुटतं. डबीला वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे राउटरसाठी मिळणारा छोटा बॅकअप तिला पुरतो. पण तो दोन्ही टोकांना हवा, आणि त्याचा व्होल्ट डबीशी जुळणारा. समोर लाईट असेल तर मग फायबर कुठे दुमडली का बघा. सुपारीच्या डबीभोवती गुंडाळता येईल इतका, म्हणजे साधारण सहा सेंटीमीटर रुंदीचा वळसा चालतो, त्याहून घट्ट वळण दिलं तर उजेड कडेने गळतो. कपाटामागे चेंबलेली, खिळ्याला अडकवलेली फायबर बाहेरून धड दिसते आणि आतून मुकी असते. दोन भोकांची डबी असेल आणि कुणी नुकतंच काढून लावलं असेल, तर एकाच टोकाच्या दोन वायरी अदलाबदल करून बघा. दोन्ही टोकांच्या केल्या तर पुन्हा होतं तिथेच याल.

सगळे दिवे लागलेत आणि तरी नेट नाही: मग डबी बहुधा निर्दोष आहे. आधी राउटर बंद-चालू करा, नाहीतर नेट देणाऱ्याला फोन करा. "तीनही दिवे लागलेत, पंचायतीतही नेट नाही" असं सांगितलं की समोरचा माणूस तुम्हाला उगाच केबल हलवायला लावणार नाही.

फायबर हाताळण्याचे दोन-तीन नियम कडक पाळायचे. जॅकच्या टोकात किंवा डबीच्या भोकात डोळा लावून बघायचं नाही. आतला उजेड डोळ्याला दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही हा दिसत नाही, म्हणून ‘काही दिसत नाही, म्हणजे बंद आहे’ असं धरू नका. टोकाला बोट लावायचं नाही, पदराने पुसायचं नाही. बोटाचं तेल आणि मिरचीची धूळ ९ मायक्रॉनच्या गाभ्याला पुरून उरते. न वापरलेल्या भोकाला रबरी टोपी ठेवा.

आणि तिसरा, मसाला, पापड, डाळीचं काम करणाऱ्या तायांसाठी. तुटलेली फायबर विजेच्या तारेसारखी पिळून, चिकटपट्टी लावून जोडता येत नाही. ती काच वितळवून जोडतात, त्याचं मशीन कारागीर आणतो. जोडताना केसाएवढे काचेचे तुकडे पडतात. ते दिसत नाहीत, कातडीत रुततात, आणि मालात पडले तर सगळा घाणा टाकून द्यावा लागेल. म्हणून जोडकाम शेडच्या आत, मालाजवळ, कितीही घाई असली तरी करू द्यायचं नाही. बाहेर ओट्यावर करा, तुकडे चिकटपट्टीवर उचलून झाकणाच्या बाटलीत भरायला लावा, पोरांना लांब ठेवा.

केबल टाकताना काय मागायचं? एका फायबरच्या ऐवजी चार फायबरची केबल. खर्च मुख्यतः खांब, चर आणि मजुरीचा असतो. दोन फायबर राखीव राहिल्या तर पुढे एखादी गेली की दुसरीवर जाता येतं. जमिनीखालून जाणार असेल तर पाईपमधून न्या, उंदीर केबल कुरतडतात. रस्त्यावरून जाणार असेल तर उसाची आणि कडब्याची भरलेली ट्रॉली खालून जाईल इतकी उंच. दोन्ही टोकांना पाच-दहा मीटर केबल सैल गुंडाळी करून ठेवा, तुटल्यावर ओढायला कामी येते. काम संपल्यावर कारागिराकडून उजेड मोजून घ्या, त्याच्याकडे मीटर असतो. तो आकडा तारखेसह लिहून सही घ्या. वर्षाने आकडा घसरला तर कुठेतरी ताण आलाय हे कळेल.

हे सगळं वाचून लगेच ठराव लिहायला घेऊ नका. दोन जागांमधलं अंतर ९० मीटरच्या आत असेल आणि दोन्ही एकाच छताखाली असतील तर साधी चांगली केबल पुरते. शेडमध्ये मोबाईलची रेंज चांगली असेल आणि फक्त बिलं काढायची असतील तर सिमकार्डचा राउटर स्वस्त पडेल. मधे झाड-इमारत नसेल तर छतावरच्या वायरलेसच्या दोन तबकड्यांनीही काम होतं, पण झाडं वाढतात हे धरून चला. फायबर तेव्हाच, जेव्हा अंतर जास्त आहे, कॅमेरे आहेत, वीज पडण्याचा त्रास आहे आणि जागा पुढची दहा वर्षं आपल्याच ताब्यात आहे. भाड्याच्या शेडला मी तरी फायबर टाकणार नाही.

पुढच्या बैठकीआधी एक काम करा. ज्यांच्याकडे डबी आहे त्यांनी सगळं नीट चालू असताना दिव्यांचा फोटो काढून ठेवा, दोन्ही टोकांचा. छापून भिंतीवर लावा. त्याखाली ए की बी, वेग, अडॅप्टरचा व्होल्ट, समोरच्या टोकाला असणाऱ्या व्यक्तीचा आणि जोडकाम करणाऱ्या कारागिराचा फोन नंबर लिहा. डब्यांची नोंद साठा रजिस्टरमध्ये बिल नंबर आणि वॉरंटीच्या तारखेसह करा, आणि बिलाची झेरॉक्स काढून ठेवा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची शाई वर्षभरात उडते.